विरामातला हुकूम

१

प्रॉम्प्टरचं काम म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात घास भरवायचा आणि आपण कोरडं राहायचं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक लाकडी पेटी असते. तिच्यात मी बसते, कमरेखालची मी तळघरात आणि डोकं रंगमंचाच्या फळ्यांच्या जरा वर. प्रेक्षकांना पेटीची पाठ दिसते, मी दिसत नाही. गाणाऱ्यांना मात्र माझं तोंड दिसतं. त्यांनी ओळ गायच्या एक श्वास आधी तिचा पहिला शब्द मी पुरवायचा. काम चोख झालं की गायकाला वाटतं, शब्द आपला आपल्यालाच आठवला. चुकलं की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते. याच पेटीत माझे केस पिकले आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. स्वतः गायची हौस मला कधीच नव्हती.

यंदा आमच्या नाट्यगृहाने एक जुना रशियन ऑपेरा मूळ भाषेतच करायला घेतला. बोचरा, उपहासाचा, आणि सहसा कुणी हात न लावणारा. एका लहान शहराचे गव्हर्नरसाहेब पहिल्या अंकात एक भलंमोठं गाणं गातात, सगळ्यांना झापतात, खुर्चीत बसतात आणि मरतात. राजधानीतून तपासनीस यायचा असतो. नवा साहेब आला तर सगळ्यांचीच लफडी बाहेर पडतील, म्हणून अधिकारी ठरवतात की साहेब मेलेलेच नाहीत. पुढचे दोन अंक प्रेत खुर्चीतच. काही ठरवायचं झालं की वाद्यं थांबतात, सगळे खुर्चीकडे वाकतात, कान देतात, आणि मग ताठ होऊन एका सुरात गातात, ‘साहेब म्हणतात’. शहर कधी नव्हे इतकं सुरळीत चालू लागतं. शेवटी तपासनीस येतो, तोही वाकतो, ऐकतो आणि कडक सलाम ठोकतो.

आता सांगा, कुठला खर्जाचा गायक एकच गाणं गाऊन दोन अंक मूग गिळून बसेल? म्हणून हा ऑपेरा कुणी करत नाही. आमच्याकडे एक सापडला. माझा सख्खा मोठा भाऊ.

नाट्यगृहात दादाला सगळे खर्जोबा म्हणतात. एके काळी त्याने खालचा सूर लावला की माझ्या पेटीच्या फळ्या थरथरायच्या. अलीकडे मात्र दुसऱ्या अंकानंतर त्याचा आवाज फाटायचा, आणि पुढच्या हंगामात त्याला घेणार नाहीत हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तो सगळा उन्हाळा भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग दिग्दर्शिकेला, म्हणजे आमच्या बाईंना, हा ऑपेरा सुचला. दादाने घरी येऊन वहिनीला सांगितलं की, बसून खायचं काम मिळालंय. वहिनी कितीतरी दिवसांनी हसली. आम्ही तिघं एकत्र राहतो. मी लग्न केलं नाही म्हणून त्यांच्याकडे राहते असं लोक समजतात, पण घर माझ्या नावावर आहे, तेव्हा कोण कुणाकडे राहतं ते तुम्हीच ठरवा.

२

तालमी सकाळी व्हायच्या, मागच्या बाजूच्या मोठ्या खोलीत. उंच खिडक्या, एक पियानो, जमिनीवर चिकटपट्टीने आखलेला रंगमंच. तिथे पेटी नसते, मी स्टुलावर बसते. खुर्ची मात्र पहिल्या दिवसापासून प्रयोगाचीच हवी असा बाईंचा हट्ट होता. सामानाच्या खोलीतून उंच पाठीची एक जुनी खुर्ची निघाली. तिच्यात काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. नंतर एकदा कुणी नसताना मी ती उलटी करून पाहिली. सुताराचे खिळे होते आणि कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगगम होतं, बस्स.

अडचण आली ती विरामांची. वाद्यं थांबली, कोरस वाकला, आणि ऐकण्याचं नाटक करताना सगळ्यांचे चेहरे मठ्ठ. बाई म्हणाल्या, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं अशी दिसतात. मग त्यांनी दादाला सांगितलं की विरामात खरंच काहीतरी कुजबुजत जा, काहीही चालेल. हे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. नायबाचं काम करणाऱ्या गायकाला स्वतःच्या झुपकेदार मिशीचा फार अभिमान. दादा त्याच्या कानात सांगायचा की मिशीचं एक टोक सुटलंय. तो बिचारा ओठ चावत ताठ उभा राहायचा आणि मागे सगळ्या कोरसचे खांदे हलायचे. मला काही ऐकू यायचं नाही, मी लांब. मी आपली उघडा तळवा धरून ठोके मोजायची, उघडा तळवा म्हणजे थांबा, आणि मग ‘साहेब म्हणतात’चा शब्द द्यायची. घरी जाताना दादा मला सगळं सांगायचा आणि आम्ही रस्त्यात खिदळायचो.

एका सकाळी कुणीच हसलं नाही. सगळे वाकले, आणि डॉक्टर कागद वाचत असताना नातेवाईक जसे बघतात तसे बघत राहिले. मग ताठ झाले आणि गायले. बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना हवं होतं ते हेच.

परतताना मी दादाला विचारलं, आज काय सांगितलंस रे त्यांना?

“आज काहीच नाही. सकाळपासून घसा धरलाय, म्हटलं आवाज जपावा. नुसता बसून होतो.”

मग त्यांनी ऐकलं काय, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला की ऐकायचं नाटक जमलं असेल, नट आहेत ना शेवटी. मला ते पटलं. पटवूनच घ्यायचं ठरवलं की माणसाला काय पटत नाही?

३

दोनच दिवसांत नायब मिशी काढून आला. कॉलेजपासून जपलेली मिशी. तोंड सोललेल्या बटाट्यासारखं दिसत होतं. जिन्यात गाठून मी त्याला विचारलं, हे काय करून बसलास? किती वाजले ते सांगावं इतक्या सहज तो म्हणाला, साहेबांनी सांगितलं. मी हसले. तो हसला नाही. दादाच्या चेष्टेचं त्याने भलतंच मनावर घेतलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण दादा म्हणाला, घसा धरल्यापासून मी विरामात एक शब्द बोललेलो नाही, तुझ्या गळ्याची शपथ. माझ्या गळ्याची शपथ तो खोटी घेत नाही.

मग चष्मेवाली. कोरसातली ही बाई जाड भिंगांशिवाय स्वतःचा हातही ओळखत नाही. ती एक दिवस भिंत चाचपडत पॅसेजमधून येताना दिसली. मी धावत जाऊन हात दिला आणि विचारलं, चष्मा विसरलात का. नाही, म्हणाली. “साहेब म्हणाले, बघण्यासारखं आहे काय?” आणि माझा हात हळूच बाजूला करून ती पुढे गेली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. मला तेच सहन होईना.

त्या तालमीत माझ्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी शब्द देत होते आणि तो कुणी घेत नव्हतं, तरी प्रत्येक शब्द बरोबर जागी पडत होता. प्रॉम्प्टरला असं होणं म्हणजे खरं तर आनंदच, पाठांतर पक्कं झालं. पण पाठांतर पक्कं झालेला माणूसही अडचणीच्या जागी सवयीने एकदा पेटीकडे बघतोच. हे कुणीही, एकदाही बघत नव्हते. सगळ्यांचे डोळे खुर्चीवर.

आणि विराम लांबत चालले होते. माझे ठोके संपायचे, तळवा मी मिटायची, तरी सगळे वाकलेलेच. पियानोवाल्याचे हात मांडीवर. मी ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरकडे बघितलं. वहिनी त्याला अजून तिकीटवाला म्हणते. एरवी अर्धा ठोका इकडचा तिकडे झाला तर काठी आपटणारा माणूस तो. त्याची काठी हवेत होती आणि मान थोडी कलली होती, कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारली की कलते तशी.

मंडळी भूमिकेत शिरली आहेत, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. असं होतं कधी कधी. एकदा आमच्याकडे राणीचं काम करणाऱ्या गायिकेने महिनाभर आपली पर्स स्वतः उचलली नव्हती.

४

घरी मात्र दादा भूमिकेत शिरलाय असं म्हणून भागेना.

तो थकून येत नव्हता. थकून आला असता तर बरं झालं असतं. तो यायचा, जेवणाच्या टेबलाशी आपल्या खुर्चीत बसायचा आणि तसाच राहायचा. हात खुर्चीच्या हातांवर, नजर समोर. हाक मारली की परत यायचा, हसायचा, सूप प्यायचा. पण हाकेला आणि येण्याला मध्ये वेळ लागायचा, आणि तो वेळ वाढत होता. मी मोजत नव्हते. मोजायची मला भीती वाटत होती.

एका संध्याकाळी वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं. माझी वहिनी म्हणजे हजरजबाबी बाई, दादाला तिने कधी एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही. ती भांडं पुसत होती आणि तेच भांडं परत परत पुसत होती.

“दुपारी हे टेबलाशी बसले होते,” ती म्हणाली. “मी उठून खिडक्या लावल्या. सगळ्या. मग घामाने भिजले तेव्हा मला कळलं की बाहेर केवढं उकडतंय. ह्यांनी काही सांगितलं नव्हतं गं. पण मला वाटलं, सांगितलंय.”

मी म्हटलं, वय होतंय तुझं. तिने माझी चेष्टा झुरळासारखी झटकली. म्हणाली, ते काम त्यांना सोडायला लाव. मी म्हटलं, हे काम सोडलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड. हे म्हणताना मला माझाच राग आला, कारण ते खरं होतं आणि तरीही मी ते पळवाट म्हणून वापरत होते. वहिनी पहिल्या प्रयोगाला कधी येत नाही, तिच्याने बघवत नाही. ती म्हणाली, “समोर तू असतेस. त्यांना उठवून घरी आणायचं काम तुझं. बाकी मला काही माहीत नाही.”

मी हो म्हटलं. ते काम माझं नाहीतर कुणाचं होतं?

५

दुसऱ्या दिवशी तालीम सुरू व्हायच्या आधी मी बाईंकडे गेले. बाई हुशार, तर्काने चालणाऱ्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. मी सगळं सांगितलं, मिशी, चष्मा, विराम, दादाचं बसणं. वेड्यासारखं वाटू नये म्हणून मधेमधे हसत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, काळजी करू नकोस, मी विचारलं त्यांना कालच. ते म्हणाले, चाललंय ते ठीक चाललंय.

काल दादाला तुम्ही कधी भेटलात, मी विचारलं. कारण काल तालीम संपल्याबरोबर मीच त्याला हाताला धरून घरी नेलं होतं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. न समजणाऱ्या मुलाकडे मास्तर बघतात तसं बघणं होतं ते, त्यात राग नव्हता. “तू एकदा वाकून का बघत नाहीस?” त्या म्हणाल्या. “तू एकटीच राहिलीस.”

मी तिथून जवळजवळ पळाले. पाचावर धारण बसणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. दादाच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या दिवशी रंगभूषा करून बघायची होती, प्रेताचा पांढुरका रंग लावून झाला होता आणि तो आरशासमोर बसला होता. मी दार लावलं आणि सरळ विचारलं, दादा, विरामात कोण बोलतं?

त्याने हातातला रंगाचा बोळा खाली ठेवला. मग बोलला तो माझा दादाच होता, त्याचा जुना, थोडा कुरकुरणारा आवाज.

“मला ऐकू येत नाही गं. ते वाकतात, त्यांचे कान इथे, माझ्या तोंडाशी येतात, आणि मला कळतं की ते ऐकतायत. मला काही करावं लागत नाही.” त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. “सगळा जन्म घसा फोडून गायलो. इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.”

मी म्हटलं, मी ऐकत होते की. तू नव्हतीस, तो म्हणाला, तू पुढच्या शब्दाकडे बघत असायचीस. हे मला लागलं आणि त्याला ते दिसलं. त्याने हात पुढे करून माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. मग म्हणाला, “एकच सांगतो. अलीकडे उठावंसं वाटत नाही. मी उठलो नाही तर तू ओरड. माझ्या नावाने ओरड.”

६

या ऑपेरासाठी मी रंगीत तालमीत पहिल्यांदा पेटीत उतरले. खुर्ची माझ्या बरोबर समोर, इतकी जवळ की दादाच्या बुटांची शिवण दिसत होती. अंगावर साहेबाचा कोट, छातीवर पदकं. पहिल्या अंकातलं गाणं त्याने सांभाळून गायलं आणि खुर्चीत मेला. दुसऱ्या अंकापासून मी त्याच्यावरची नजर काढली नाही. त्याचे डोळे उघडे होते. पापणी लवायची वाट बघत मी दोनदा शब्द चुकवले. कुणाचं काही अडलं नाही.

तिसऱ्या अंकातला मोठा विराम आला. वाद्यं थांबली. सगळे वाकले. पन्नासएक माणसं वाकताना कपड्यांचा जो आवाज होतो तेवढाच झाला आणि मग तोही नाही. मी ठोके मोजले. संपले. मी तळवा मिटला. काही नाही. शांतता एवढी होती की माझ्या दिव्याची बारीक गुणगुण ऐकू येत होती, आणि तिच्या खाली आणखी काहीतरी होतं. शब्द नव्हते. शेजारच्या घरात कुणी बोलत असलं की भिंतीतून नुसता सूर येतो, तसा.

प्रॉम्प्टरने विरामात तोंड उघडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी उघडलं.

“दादा, ऊठ.”

जोरात नाही, पण स्पष्ट. लोकांना शब्द पोचवणं हेच तर माझं काम.

सगळ्यांनी एकाच वेळी मान वळवून माझ्याकडे बघितलं. तशीच वाकलेली, फक्त तोंडं माझ्याकडे. मला वाटलं होतं, चिडतील. चिडले नाहीत. वडीलधारं माणूस बोलत असताना मधे तोंड घालणाऱ्याकडे बघतात तसे बघत होते. चष्मेवालीचे डोळेही नेमके माझ्यावर होते, आणि तिला पेटी दिसणं शक्य नव्हतं. नायब पुन्हा खुर्चीकडे वळला, ऐकलं, मान डोलावली. मग माझ्याकडे बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

दादाची नजर हलली नव्हती.

तालीम संपल्यावर तो उठला. मी आणि एका सामानवाल्याने दोन्ही बाजूंनी धरल्यावर उठला. बाहेर आल्यावर म्हणाला, भूक लागली. मी रडले रस्त्यात, आणि त्याने विचारलं की काय झालं, आणि मला एवढं बरं वाटलं की विचारू नका. घरी वहिनीने आणि मी त्याला हात जोडून सांगितलं की उद्या जाऊ नकोस. आजारी पडलास म्हणून कळवू. तो म्हणाला, एकच प्रयोग. लोकांसमोर एकदा. मग सोडतो. आयुष्यभर गाणाऱ्या माणसाला यावर काय सांगणार?

७

पहिला प्रयोग रविवारी दुपारी होता. दादा गायला. तुम्ही ऐकायला हवा होता तो. गेली काही वर्षं गेलेला तळाचा सूर परत आला आणि माझ्या पेटीच्या फळ्या थरथरल्या. मी एकही शब्द दिला नाही, मी नुसती ऐकत राहिले, मुद्दाम, त्याला दिसेल अशी. तो खुर्चीत कोसळला तेव्हा माझ्या पाठीमागे टाळ्यांचा पाऊस पडला आणि मी अंधारात डोळे पुसले.

पुढचे दोन अंक लोक पोट धरून हसले. प्रत्येक विरामाला सुरुवातीला हशा व्हायचा, मग तो विरत जायचा, आणि विरामाच्या शेवटी शेवटी प्रेक्षागृहात कुणी खोकत नसायचं. तपासनीस आला, वाकला, सलाम ठोकला. सगळे ओळीने निघून गेले. खुर्चीवर एकच दिवा उरला आणि पडदा पडला.

अभिवादनासाठी पडदा परत उघडला. सगळे ओळीत उभे, दादा मधोमध, बसलेला. लोकांना वाटलं, हा शेवटचा विनोद. माझ्या मागे ते उभे राहिले, शिट्या, हसणं, टाळ्या. मी ओरडले. त्याने सांगितलं होतं तसं, त्याच्या नावाने, घरातल्या नावाने, जितकं जोरात ओरडता येईल तितकं. त्या गोंगाटात माझं मलाच ऐकू आलं नाही.

नायब खुर्चीकडे वाकला. ताठ झाला. मग त्याने तळवा समोर धरून हळूच खाली केला.

टाळ्या थांबल्या. विरल्या नाहीत, थांबल्या. आणि माझ्या पाठीमागे प्रेक्षागृहातल्या सगळ्या खुर्च्यांच्या बैठका एकदम खाली आल्याचा आवाज झाला. पेटीची पाठ प्रेक्षकांकडे असते हे मी सांगितलंच, मागचं मला दिसत नाही. मी फक्त ऐकत होते. शेकडो माणसं बसली आणि श्वास रोखून थांबली. नायब पुन्हा वाकला, पुन्हा ताठ झाला, हात केला. पहिली रांग उठली आणि बाहेर गेली. मग दुसरी. पावलं ऐकू येत होती, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं, लहान मुलंही नाहीत. रंगमंचावरचे सगळे तसेच ओळीने विंगेत गेले. अभिवादनाला आलेल्या बाई शेवटी गेल्या. जाताना त्यांनी माझ्या पेटीकडे बघून मान हलवली, मला परवानगी दिल्यासारखी.

मी तळघरातून धावत वर आले. रंगमंचावर कामाचा साधा दिवा होता आणि दादा होता. दादा चल, मी म्हटलं, वहिनी वाट बघतेय. हात धरला. हात गरम होता, एवढं मी शपथेवर सांगेन. ओढलं, तर रंगमंचच ओढत असल्यासारखं वाटलं. हाक मारली, हलवलं, पांढरा रंग लावलेल्या गालावर चापट मारली. काही नाही. मला एकच कळायला हवं होतं, श्वास चालू आहे की नाही. मी खाली झाले आणि कान त्याच्या तोंडाशी नेला.

मी वाकले आहे हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा उशीर झाला होता.

त्याचे ओठ माझ्या कानाला लागत होते. मिटलेले होते. ते हलले नाहीत. बोलणं रशियनमध्ये नव्हतं, आपल्या घरच्या बोलीत होतं. शांत होतं, समजूतदार होतं, आणि दादाच्या आवाजात नव्हतं.

८

घरी पोचले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. सगळा रस्ता मी वहिनीला काय सांगायचं ते घोकत आले. डॉक्टरांना फोन कर. शेजाऱ्यांना बरोबर घे. आपण सगळे मिळून त्याला उचलू, खुर्चीसकट उचलू. शब्द माझ्या जिभेवर तयार होते, एकामागून एक, ओळीत. शब्द तयार ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

दार वहिनीने उघडलं. तिने केस धुतले होते, चांगली साडी नेसली होती. टेबलावर तीन ताटं होती. तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, जिन्यात.

“आणि हे?”

मी तोंड उघडलं. डॉक्टर हा शब्द मला दिसत होता, छापल्यासारखा. मी बोलले ते दुसरंच होतं, आणि माझा आवाज इतका नीट, इतका स्वच्छ लागला की मला स्वतःची किळस आली.

“साहेब म्हणाले, त्यांची वाट बघू नये. आपण जेवून घ्यावं.”

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते तिला दिसत होतं. तिने किंचाळायला हवं होतं, मला थोबाडीत मारायला हवी होती, चप्पल न घालता नाट्यगृहाकडे पळायला हवं होतं. मी मनात तिच्या पाया पडत होते की असलं काहीतरी कर. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग आत गेली, तिसरं ताट उचलून फडताळात ठेवलं, एकेक करून खिडक्या लावल्या आणि पदराला हात पुसत परत माझ्यासमोर आली.

“आणखी काय म्हणाले?” तिने हळू आवाजात विचारलं, आणि वाकून कान माझ्या तोंडाशी आणला.

तिच्या ओल्या केसांना साबणाचा वास येत होता. मी सांगू लागले.